नांदेडच्या डॉक्टरीणबाई

लातूर, २ जुलै १९८३

डॉ. उमादेवी यांना महानंदाचा नमस्कार.

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. माझं माहेर चाकूरचं. उदगीरचे तेलाचे व्यापारी गुरुबसप्पा माझे सासरे आणि त्यांचे चिरंजीव रेवणसिद्ध माझे यजमान. म्हणजे मी तुमची सख्खी भावजय. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण तुमचं नाव मी या घरात एकदाही ऐकलं नाही. घरात एक मोठी मुलगी होती, डॉक्टर झाली, कंधारकडच्या बौद्ध घरातल्या डॉक्टरशी लग्न केलं आणि तेव्हापासून अप्पांनी तिचं नाव टाकलं, एवढं, आणि तुमचं नाव, मला उदगीरच्या शेजारणीनं सांगितलं. मी यांना विचारलं तर हे नुसते खिडकीबाहेर बघत बसले.

पत्र फाडून टाकायचं असेल तर अक्का, एकदा शेवटपर्यंत वाचा आणि मग फाडा.

मला तिसरा महिना सरत आलाय. दिवस राहिल्यापासून उलट्या. सकाळच्या म्हणतात तशा नाहीत, दिवसभर. पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता. लातूर जिल्हा झाल्यावर यांची उस्मानाबादहून नव्या कलेक्टर कचेरीत बदली झाली, म्हणून आम्ही इथं दोन खोल्या धरून राहतो. गेल्या साली पावसानं दगा दिला, तेव्हापासून गल्लीत टँकर येतो. टँकरच्या डिझेलचा वास आला की मी कळशी टाकून नालीकडं पळायची. आणि आपल्या घरचं करडईचं तेल! उदगीरहून डबा आला की सासूबाई, म्हणजे तुमच्या अव्वा, तो माझ्यापासून लपवून माळ्यावर ठेवत. अव्वा मला सांभाळायलाच इथं येऊन राहिल्यात. माझ्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, तेव्हा त्यांनीच मला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी प्रोमेथाझिन नावाची गोळी दिली, निजताना घ्यायची. अक्का, त्या गोळीनं मी जगले. पहिल्यांदा झोप लागली. दुसऱ्या दिवशी ज्वारीची कण्हेरी पोटात राहिली. अव्वांनी शेजारच्या बाईला हाक मारून सांगितलं, "पोरीनं खाल्लं बगा!"

मग पेपरात बातमी आली. गरोदर बायकांच्या उलट्यांवरची गोळी परदेशातल्या कंपनीनं बंद केली, त्या गोळीनं लेकरं व्यंग घेऊन जन्मतात म्हणून लोकांनी खटले भरले. चुलत सासूबाई तो पेपर घेऊन उदगीरहून आल्या. त्या दिवसापासून माझी गोळी बंद. उलट्या पुन्हा सुरू. सलाईन लावावं लागलं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, ही गोळी ती नव्हे, घाबरू नका. तर अव्वा म्हणाल्या, "ज्यांनी दिली त्या दुसरं काय म्हणतील?" चुलत सासूबाईंचं म्हणणं, आत्ताच खाली करून घ्या, पुढं लुळं-पांगळं झालं तर जन्मभर बघायचं. आता कायद्यानं करता येतंय म्हणे. पुढच्या रविवारी अप्पा येणार आहेत, ते ठरवतील.

हे काही बोलत नाहीत. मला तर पोटावर हात ठेवायची पण भीती वाटायला लागलीय.

औषधाच्या दुकानात धोंडप्पा म्हणून आहेत. त्यांना मी रडत विचारलं. ते म्हणाले, "ताई, मला विचारू नका. आमच्या म्याडमना विचारा. नांदेडला फार्मसी कॉलेजात आम्हाला त्यांनीच औषधशास्त्र शिकवलं. त्या मूळच्या उदगीरच्या हायेत." नाव ऐकलं आणि मी दुकानाच्या पायरीवर बसले.

खरं सांगा, माझं लेकरू बिघडलं असेल का? उत्तर धोंडप्पांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

महानंदा


लातूर, १२ जुलै १९८३

अक्का,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. दुकानात उभ्यानं वाचलं. पहिल्या ओळीत तुम्ही लिहिलंत, "महानंदा, आधी ओठ ओले कर, मग पुढं वाच." मी खरंच धोंडप्पांकडं पाणी मागितलं. ते पाणी पोटात राहिलं. भीती गेली की निम्मी मळमळ जाते का हो?

रविवारी काय झालं ते लिहिते.

अप्पा सकाळच्या गाडीनं आले. चुलत सासूबाई सोबत होत्याच. अप्पा खाटेवर बसले, पागोटं काढून शेजारी ठेवलं. म्हणाले, "मग? काय ठरवायचं?" चुलत सासूबाईंनी पेपर पुढं केला. हे खाली मान घालून. मी आतल्या खोलीत होते, उंबऱ्याशी. मोठ्यांच्या बोलण्यात मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बाहेर आले. म्हणाले, "अप्पा, मी नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंना पत्र घालून विचारलं होतं. त्या औषधांचंच शिकवतात. त्यांचं उत्तर आलंय. वाचू का?"

कोण बाई, कुठल्या बाई, कुणी विचारलं नाही. अव्वा भाकरी थापत होत्या, त्यांचा हात तेवढा थांबला.

"वाच," अप्पा म्हणाले.

मी वाचलं. मायन्याची ओळ आणि शेवटची सही सोडून सगळं वाचलं. उलटीचं ठाणं पोटात नसून मेंदूत असतं, हे वाचलं. हिस्टामीन नावाचा पदार्थ अंगात असतो, त्याची ठरलेली बैठक असते, ही गोळी आधी जाऊन त्या बैठकीवर बसते आणि हिस्टामीनला जागाच राहत नाही, हे वाचलं तेव्हा अप्पा मध्येच म्हणाले, "म्हंजे दुकानाच्या गादीवर दुसराच येऊन बसला, की मालकाला उभं ऱ्हावं लागतंय. बरं. पुढं?"

पुढं झोपेचं होतं. हेच हिस्टामीन मेंदूला जागं ठेवतं, आणि ही गोळी मेंदूत शिरते, म्हणून झोप येते. तोंड कोरडं पडतं तेही तिचंच काम, त्यात घाबरण्यासारखं नाही. मग बातमीचं आलं. बंद झाली ती गोळी हिची चुलत बहीण, ही नव्हे. आणि तीसुद्धा कंपनीनं खटल्यांना कंटाळून बंद केली, हजारो बायकांच्या पाहणीत तिच्यानं लेकरं बिघडल्याचं दिसलेलं नाही. वीस-बावीस वर्षांमागं जर्मनीकडं झोपेची म्हणून एक गोळी गरोदर बायकांना दिली गेली आणि हातापायांविना लेकरं जन्मली, तेव्हापासून जग धास्तावलेलं आहे, आणि ती धास्ती खोटी नाही. पण ती गोळी या कुळातली नव्हेच.

चुलत सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे काहीच होणार न्हाई असं लिहून देती का ती बाई?"

त्याचं पण उत्तर तुम्ही लिहिलेलं होतं, अक्का. मी वाचलं. "शंभर टक्के असं कुणालाच सांगता येत नाही. एकही गोळी न घेतलेल्या बाईचं लेकरू कधीकधी व्यंग घेऊन येतं. या गोळीनं तो धोका वाढल्याचं आजवर दिसलेलं नाही, एवढं मी सांगू शकते. पण आईच्या अंगातलं पाणी असंच आटत राहिलं, तर ती आणि लेकरू दोघांनाही धोका आहे, हे मात्र पक्कं सांगू शकते."

अप्पांनी हात पुढं केला. "आण इकडं."

मायना आणि सही आत जाईल अशी घडी दुमडून मी कागद दिला. अप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत होते. एवढा वेळ वाचायला लागत नाही. मग कागद तसाच दुमडलेला परत दिला. दुमडलेली घडी उघडली नाही.

"अक्षर चांगलंय," म्हणाले. मग चुलत सासूबाईंकडं बघून, "शंभर टक्के म्हणली असती तर मी इश्वास ठेवला नसता. बाई खरं बोलती. पोरीची गोळी चालू करा." आणि पागोटं डोक्यावर ठेवताना मला म्हणाले, "नांदेडच्या बाईंना कळव, उपकार झाले."

तर कळवते आहे. दवाखान्यातल्या बाईंनाही तुमचं पत्र दाखवलं, तुम्ही सांगितलं होतं तसं. त्या म्हणाल्या, आता कमीत कमी किती पुरते ते बघत जाऊ.

तुमचे उपकार हा शब्द अप्पांचा. माझ्याकडं शब्द नाही. काल पोटावर हात ठेवला.

महानंदा


लातूर, ९ ऑगस्ट १९८३

अक्का,

आता पत्र घरच्या पत्त्यावर पाठवत जा. यांना कळलं. धोंडप्पांनीच बोलता बोलता "म्याडमचं पत्र पोचलं का?" म्हणून विचारलं. हे घरी आले, दार लोटलं आणि म्हणाले, "दाखव." मी दिली दोन्ही पत्रं. वाचून झाल्यावर ते तोंड धुवायला गेले आणि लई वेळ धुतच राहिले. टँकरचं पाणी, तांब्यानं मोजून वापरतो आम्ही. त्या दिवशी अव्वा काही बोलल्या नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, "तिनं मला शाळेत असताना सायकल शिकवली होती. किल्ल्याच्या रस्त्याला." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून रोज विचारतात, आलं का पत्र.

तब्येत बरी आहे. उलट्या आता दिवसाआड. पण झोप! अव्वांच्या जिवाला त्याचाच घोर. सकाळी उन्हं अंगावर येईपर्यंत मी उठत नाही. मागं एकदा समोरच्या बाईला सांगत होत्या, "सून न्हाई, अजगर आणलाय." मी ते तुम्हाला लिहिलं आणि तुमचं उत्तर आलं, गोळी निजताना घेण्याऐवजी संध्याकाळी जेवणासोबत घे, सकाळ हलकी जाईल, पण आधी तुझ्या बाईंना विचार. विचारलं, त्या हो म्हणाल्या. जाते हलकी.

आणि ती तुम्ही लिहिलेली गंमत मी अव्वांना वाचून दाखवली. अंगावर गांधी उठल्या तरी आपण पित्त म्हणतो आणि तोंडाला आंबट पाणी सुटलं तरी पित्तच म्हणतो. ही औषधं निघाली गांधीच्या पित्तासाठी. मग अमेरिकेत गांधी उठणाऱ्या एका बाईला असंच एक औषध दिलं, तर तिला ट्रामगाडीत बसल्यावर कायम होणारी मळमळ थांबली, आणि डॉक्टर लोकांना कळलं की हे दुसऱ्या पित्तालाही चालतंय. अव्वा हसल्या. म्हणाल्या, "आपल्या म्हाताऱ्यांनी दोन्हीला एकच नाव ठेवलंय ते काय उगीच?" मग थांबून म्हणाल्या, "कोण लिहून राहिलंय हे सगळं तुला?"

"नांदेडच्या डॉक्टरीणबाई."

"हां," म्हणाल्या. "समजावून सांगती बाई."

पुढं तांदूळ निवडत बसल्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला विचार, पावसाळ्यात दम लागतो का अजून."

"अजून" हा शब्द त्यांच्या लक्षात आला असेल नसेल, मला माहीत नाही. मी विचारते आहे, अक्का. पावसाळ्यात दम लागतो का अजून?

महानंदा


लातूर, २० ऑक्टोबर १९८३

अक्का,

गोळी पूर्ण सुटली. बाई म्हणाल्या, आता लागली तरच. लागत नाही. काल मी करडईच्या तेलात परतलेली भाजी खाल्ली, दोनदा घेतली. लेकरू लाथा मारतंय. कचेरीतले लोक यांना म्हणतात, नव्या जिल्ह्यात नवा माणूस येतोय.

तुम्हाला दम लागत नाही हे मी अव्वांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाल्या. मग रोज एक प्रश्न. "त्या बाईला कालेजात उभं ऱ्हावं लागतंय का दिवसभर?" "त्या बाईचं घर भाड्याचं हाय का सोताचं?" "त्या बाईचा नवरा सभावानं कसाय?" प्रत्येक वेळी त्या बाई. मी पण त्या बाईच म्हणते. आमच्यात तसं ठरल्यासारखं झालंय. खरं सांगते, मला आधी राग यायचा. पोटची लेक आहे, नाव घ्यायला काय जातं? आता येत नाही. तेवढ्या एका शब्दाच्या आडून त्या रोज तुमच्या घरात जाऊन येतात.

मागच्या पत्रात तुम्ही मुलीचं लिहिलंत. मी वाचून दाखवलं, "त्या बाईंना सात वर्षांची मुलगी आहे. नाव पंचशीला." अव्वा शेंगदाणे कुटत होत्या. "पंच..." म्हणाल्या. जीभ अडखळली. "शीला. पंचशीला." मग उठून आत गेल्या. मी थोड्या वेळानं गेले तर ट्रंक उघडून बसलेल्या. खणाचं एक परकर-पोलकं हातात होतं, जुनं, घड्या पडलेलं. तुमचंच असणार. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सात वर्साच्या पोरीला होईल ना गं हे?"

पार्सल सोबत पाठवलं आहे. शेंगदाण्याची चटणी पण आहे, ती कुटलेली अव्वांचीच. मी फक्त पत्ता लिहिला.

दाजींना नमस्कार सांगा. दाजी म्हणू ना? यांनी सांगितलंय, तसंच म्हण.

महानंदा


लातूर, २० जानेवारी १९८४

अक्का,

मुलगी झाली. मंगळवारी, सकाळी. दोन्ही हात, दोन्ही पाय, दहा आणि दहा बोटं. बाळाला माझ्याजवळ देण्याआधी अव्वांनी उजेडात नेऊन एकेक बोट उलगडून पाहिलं. कानामागं पाहिलं. टाळूवर हात फिरवला. मग भिंतीला टेकून बसल्या आणि पदर तोंडावर घेतला. गेले सहा महिने त्या घाबरलेल्याच होत्या, अक्का. माझ्यासमोर दाखवत नव्हत्या.

अप्पा काल आले. बाळाकडं बघून पहिलं वाक्य काय बोलले असतील? "नांदेडला कळवलं का?"

बारसं पाच फेब्रुवारीला, रविवारी, इथंच. काल जेवताना यांनी विचारलं, नाव कोण ठेवणार? चुलत सासूबाई म्हणाल्या, "चुलत्याच्या घरच्या पोरी हायेत की. त्यातली एखादी आत्या म्हणून उभी ऱ्हाईल." यांनी ताट सरकवलं. मी पाहिलं नव्हतं कधी यांना असं. म्हणाले, "सख्खी आत्या असताना?"

सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा भाकरी मोडत होते. मोडलेला तुकडा तसाच हातात. "पाळण्यात नाव आत्यानंच ठेवायचं अस्तंय," म्हणाले. "रीतच हाय ती. मी काय रीत मोडायला सांगू का?" आणि तुकडा तोंडात टाकला.

एवढंच बोलले. त्यात तुमचं नाव नाही, या असं नाही. पण त्यांनी एवढं बोलण्यासाठी किती वर्षं घेतली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अव्वांनी मला डोळ्यानं खुणावलं, लिही.

लिहिते आहे. दाजींना आणि पंचशीलेला घेऊन या. एकट्या येऊ नका.

महानंदा


लातूर, ८ फेब्रुवारी १९८४

अक्का,

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटायला लागलंय, आणि खोल्या तर त्याच दोन आहेत.

बाळ झोपलंय, म्हणून लिहायला बसले. अजून "करुणा" म्हणून हाक मारताना मला तुमचाच आवाज ऐकू येतो. पाळण्यात वाकून तुम्ही तिच्या कानात नाव सांगितलं, तेव्हा ती दचकली नाही, तुमच्याकडं टक लावून बघत राहिली. चुलत सासूबाई पण म्हणाल्या, वळखती की आत्याला.

तुम्ही आलात तेव्हा आत बायकांत होतात, म्हणून तुम्हाला एक माहीत नसेल. दाजी बाहेर दाराशी उभे होते, चपला काढाव्या की काढू नयेत अशा विचारात. अप्पा खाटेवर. अप्पांनी विचारलं, "अहमदपूरला लई वेळ थांबली का गाडी?" दाजी म्हणाले, "हाव, टायर बदलला." अप्पा म्हणाले, "त्या रस्त्याचं तसंच हाय." आणि खाटेवर थोडं सरकून बसले. दाजी येऊन बसले. मग दोघं जण पंक्ती उठेपर्यंत रस्त्यांबद्दल बोलत होते. कंधारचा रस्ता, लोह्याचा रस्ता, जिल्हा झाल्यावर कुठला डांबरी होणार. हे मला नंतर म्हणाले, "अप्पांना रस्त्यांत एवढी गोडी आहे हे आजवर कुणाला माहीत नव्हतं." हसता हसता यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता खरी गोष्ट. अव्वांनी सांगितलंय, पत्रात लिहू नको. मी लिहिणार.

जेवणं झाली, तुम्ही पिशवी भरायला घेतली, दुपारची नांदेडची गाडी धरायची होती. तेव्हा अव्वांनी तुम्हाला हाक मारली. सकाळपासून दोघी एका खोलीत होतात. तुम्ही पाया पडल्यात, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण तोंडानं एक शब्द नव्हता. आणि आता हाक मारली ती कशासाठी, तर दंडावरच्या गांधी दाखवायला. "उमा, हे बग. पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावलं, घोंगडी पांघरली, बसत न्हाई. काय द्यावं?"

अव्वा "उमा" म्हणाल्या. मी ऐकलं. तुम्ही पण ऐकलं, कारण तुमच्या हातातली पिशवी खाली पडली.

तुम्ही दंड हातात घेऊन पाहिला. आणखी कुठली औषधं चालू आहेत का, डोळ्यांचा त्रास आहे का, लघवीला अडतं का, सगळं विचारलं. मग माझ्या उरलेल्या गोळ्यांतली एक अर्धी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. "अव्वा, तुझ्या वयाला अर्धीच. झोप येईल, आणि उठताना तोल जाऊ शकतो, एकटी उठू नको." तांब्यातून पाणी पेल्यात ओतून तुम्ही त्यांच्या ओठाला लावलं. चुलत सासूबाई बघत होत्या. अव्वांनी सगळा पेला संपवला. मग म्हणाल्या, "बस हितं जरा," आणि तुमच्या मांडीवर डोकं ठेवून आडव्या झाल्या. तुमच्या पदराचं टोक मुठीत.

थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला. दाजी दारातून डोकावले, घड्याळ दाखवलं. तुम्ही मान हलवली, नको, उठवू नका. यांनी हळूच विचारलं, रिक्षा आणू का? तुम्ही ओठावर बोट ठेवलं. पंचशीला तेच खणाचं परकर-पोलकं घालून आजीच्या पायाशी बसली आणि बसल्या बसल्या पेंगली. गाडीची वेळ टळली. तुम्ही हलला नाहीत. पाय बधिर झाला असेल तुमचा. उन्हं उतरल्यावर अव्वा उठल्या, म्हणाल्या, "अगं बया, गाडी गेली की तुमची. आता ऱ्हावा आजच्या दिवस." तुम्ही मला म्हणालात, "अर्ध्या गोळीचा एवढा अंमल! हिला पुढच्या वेळी पाव द्यायला हवी."

दुसऱ्या दिवशी तुम्हाला गाडीत बसवून हे परत आले. अव्वा बाळाला मांडीवर घेऊन मालिश करत होत्या. मी म्हटलं, "अव्वा, गांधी बसल्या का?"

"बसल्या. त्या काय, आपल्या आपण बसत्यात."

"पण गोळीनं झोप छान लागली तुम्हाला."

त्यांनी बाळाच्या पायाला तेल लावायचं थांबवलं. पदराची गाठ सोडली. आत अर्धी गोळी.

मी म्हटलं, "घेतलीच नाही?"

"मुठीत धरली हुती. पानी तेवढं पिले. तिच्या हातचं."

"मग झोप?"

"झोप कुटली?" बाळाचा पाय हलवत अव्वा म्हणाल्या. "झोप येईल म्हणली ना ती. मग डोळे मिटून पडले. उठले असते तर गाडी सापडली असती तिला."

महानंदा